विमान जमिनीवर असते तेव्हा

खंडेनवमीला आमच्या गंगापूरच्या एस. टी. आगारात हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, जॅक, ग्रीसगन असा सारा सरंजाम धुऊनपुसून सतरंजीवर मांडतात, त्याला हळदकुंकू लावतात आणि झेंडूची फुले वाहतात. वर्षभर काळ्या तेलात बुडालेली ती हत्यारे त्या दिवशी माहेरी आलेल्या लेकीसारखी दिसतात. शाळेच्या सहलींच्या निमित्ताने माझे तेथे जाणेयेणे असते, म्हणून प्रसादाला मलाही बोलावणे येते.

या वर्षी प्रसाद घेऊन निघालो तेव्हा निवृत्तीला आलेले एक मिस्त्री एका गाडीच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. हातात लहानसा हातोडा. एकेका नटावर हलकेच ठोका मारीत आणि मान तिरकी करून ऐकत. मी थांबलो. ते म्हणाले, "गुरुजी, आवळलेला नट टणकन बोलतो. ढिल्याचा आवाज बसका निघतो."

"हे कुठे शिकलात?"

"शिकवतंय कोण? तीस वर्षं ऐकतोय."

"आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर?"

मिस्त्री हसले. "नवी पोरं चांगली आहेत. ठोकतात सुद्धा. पण ऐकत नाहीत अजून."

ते वाक्य घेऊन मी घरी आलो. त्याच वर्षी, १२ जून २०२५ रोजी, अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले होते, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गावच्या पारावरही विमानाच्याच गोष्टी चालल्या होत्या. वैमानिक, इंजिन, कंपनी, नशीब, साऱ्यांची चर्चा झाली. जुन्या लोकांना चिकलठाण्याचा १९९३ सालचा अपघात आठवला. परंतु जी माणसे विमानात बसत नाहीत आणि ज्यांच्या हातून रोज विमाने सुटतात, त्यांच्याविषयी कोणीच बोलले नाही. मिस्त्रींच्या हातोड्याने मला त्यांची आठवण करून दिली. त्यांचा थोडासा इतिहास या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले.

आपल्याकडील विमानटपालाची जन्मकथा पुष्कळांना ठाऊक असते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादला उतरले आणि मुंबईस जुहूच्या मैदानावर येऊन पोचले. टपालाचे ओझे होते २५ किलो. जुहूहून ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या कथेत दोन शूर वैमानिक आहेत आणि त्यांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण कथेत एक बैलगाडीही आहे. अहमदाबादच्या मैदानावर विमानाला लागणारे बर्मा शेलचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते, चार-चार गॅलनच्या डब्यांतून. ती गाडी वेळेवर आली नसती तर पस मॉथ तेथेच बसून राहिले असते. त्या गाडीवानाचे नाव इतिहासाने टिपून ठेवलेले नाही. परंतु विमानतळावरील इंधनाच्या कामाचा तो एक मूळपुरुष होय, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळी डब्यातील पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून विमानाच्या टाकीत ओतण्याची रीत होती. त्या चामड्यातून पेट्रोल खाली उतरते आणि पाणी वरच राहते. दूधवाल्याच्या दुधातले पाणी फार तर आपल्या चहाची चव घालविते. विमानाच्या पेट्रोलमधले पाणी आकाशात इंजिन बंद पाडते. आज विमानात इंधन भरण्यापूर्वी त्याचा नमुना काचेच्या बरणीत घेतात, उजेडासमोर धरून पाहतात आणि पाणी लागताच रंग बदलणाऱ्या रसायनाने त्याची परीक्षा करतात. नव्वद वर्षांत साधने बदलली, काम तेच राहिले. ओतण्यापूर्वी कोणीतरी डोळे उघडे ठेवून पाहावे लागते.

जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून पावसाळ्यापुरते बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. कोणती जमीन कोणत्या महिन्यात चाकाला धरते आणि कोणती दगा देते, हे तेथे वावरणाऱ्या माणसांनाच नीट कळणार. शेतकऱ्याला जसे आपल्या शिवारातील प्रत्येक वाफशाचे ज्ञान असते, तसेच ते ज्ञान.

पुढे स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या जानेवारीअखेरीस, रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली आणि तिचे केंद्र ठरले नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईच्या पेटीत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यास पोचावे, याचे त्या काळी केवढे अप्रूप वाटले असेल! सारे गाव झोपलेले असताना सोनेगावला मात्र दिवस उजाडल्यासारखी लगबग.

वाचकांना वाटेल, पिशव्या उचलण्यात कसली विद्या? विद्या आहे. ज्याने बैलगाडी भरली आहे त्याला ती कळेल. ओझे मागे फार झाले तर गाडी उलाळ होते, पुढे फार झाले तर जू बैलांच्या मानेवर बसते. विमानाचेही तसेच आहे. शेपटाकडे वजन जास्त झाले तर उडताना नाक नको तितके वर जाते, पुढे जास्त झाले तर नाक उचलतच नाही. बैलगाडी उलाळ झाली तर गाडीवान खाली उतरून दोन पोती पुढे सरकवितो. विमानातल्या माणसाला आकाशात ती सोय नाही. म्हणून ओझे कोठे आणि किती, याचा हिशेब जमिनीवरच चोख व्हावा लागतो.

हा हिशेब आज कागदावर आणि संगणकावर होतो. प्रवासी किती, सामान किती, इंधन किती, कोणत्या कप्प्यात काय, याचे एक भारपत्रक तयार होते आणि ते वैमानिकाच्या हाती जाते. त्या वजनावरून, वाऱ्यावरून, उन्हाच्या मानावरून आणि धावपट्टीच्या लांबीवरून वैमानिक ठरवितो, की किती वेग झाला म्हणजे नाक उचलायचे. म्हणजे वैमानिक ज्या आकड्यावर विसंबतो त्या आकड्याची सुरुवात सामान चढविणाऱ्या हमालापासून होते. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही मुख्याध्यापकांची असते, पण आत लिहिलेले गुण वर्गशिक्षकाने पेपर तपासून दिलेले असतात, तसाच हा प्रकार.

विमान येऊन उभे राहिले की जमिनीवरच्या माणसांना थोडक्या वेळात पुष्कळ कामे उरकायची असतात. चाकांखाली ठोकळे बसतात. परवानाधारक इंजिनियर विमानाला फेरी घालतो. टायरला चीर गेली आहे काय, कोठे तेल ओघळले आहे काय, इंजिनाच्या पात्याला पक्ष्याचा धक्का लागला आहे काय, हे पाहतो. त्याच्या सहीवाचून विमान पुढे जाऊ शकत नाही. धावपट्टीवर एखादा खिळा, दगड किंवा पत्र्याचा तुकडा पडलेला नाही ना, हे पाहत दुसरी माणसे हिंडत असतात. पत्र्याच्या एका पट्टीने काय होऊ शकते हे २५ जुलै २००० रोजी पॅरिसमध्ये दिसले. दुसऱ्या विमानाची गळून पडलेली पट्टी कॉन्कॉर्डच्या चाकाखाली आली, टायर फुटला, त्याच्या तुकड्याच्या धक्क्याने इंधनाची टाकी फुटली आणि ११३ माणसे प्राणांस मुकली.

हे काम करणाऱ्यांच्या जिवालाही धोका असतोच. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईच्या विमानतळावर हैदराबादला निघालेले विमान जागेवरून हलविले जात असताना जमिनीवर उभा असलेला एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला आणि जागीच मरण पावला. प्रवाशांपैकी कोणाला ओरखडाही आला नाही. सीमेवरच्या शिपायाप्रमाणे हाही एक पहाराच आहे.

आता चिकलठाण्याकडे वळतो. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे विमानतळ शहराच्या पूर्वेस चिकलठाण्याला आहे. २६ एप्रिल १९९३, सोमवार. मी तेव्हा शाळकरी होतो. वार्षिक परीक्षेचे दिवस, वैशाखासारखे ऊन, आणि संध्याकाळी रेडिओभोवती जमलेली मोठी माणसे एवढे मला आठवते. बाकीचे पुढे वाचून समजले.

इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे ते विमान दिल्लीहून जयपूर, उदयपूर करीत औरंगाबादला आले होते आणि येथून मुंबईला जायचे होते. आत ११२ प्रवासी व ६ कर्मचारी, असे ११८ जण. दुपारी एकच्या सुमारास ते धावू लागले. आपले पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंच. त्यात एप्रिलची दुपार. उंचावरची तापलेली हवा विरळ असते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो, आणि म्हणून विमानाला जास्त धावावे लागते. त्या काळी धावपट्टीही आजच्यापेक्षा बरीच आखूड होती.

विमान उचलले गेले ते जवळजवळ धावपट्टीच्या टोकाशी. त्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता, आणि त्याच घटकेला त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. आम्हां गंगापूरकरांना असा ट्रक काही नवलाचा नाही. लासूरच्या बाजारातून, जिनिंगमधून असे ट्रक हंगामात रोज निघतात. एकेक गाठ साधारण १७० किलोची. कापूस म्हटला की मऊ वाटतो, पण दाबलेल्या गाठींची थप्पी म्हणजे भिंतच. विमानाचे डावे चाक व डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर त्या भिंतीला धडकला. जखमी पाखरासारखे ते विमान आणखी सुमारे तीन किलोमीटर गेले, उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागले आणि वरुडीच्या शिवारात पडून पेटले. ५५ जण मृत्युमुखी पडले, ६३ वाचले.

चौकशी झाली. चौकशीने दोन कारणे सांगितली. पहिले, वैमानिकांनी नाक उचलण्यास उशीर केला व उचलण्याची रीत चुकली. दुसरे, विमानांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक आवरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाला अपयश आले. पहिले कारण आकाशाचे आहे, त्याची चर्चा जाणकारांनी पुष्कळ केली. दुसरे अगदी मातीवरचे आहे, आणि मला ते रात्री जागे ठेवते.

कारण ते आपल्याला समजते. आमच्या तालुक्यात लासूर स्टेशनावरून मनमाडची लोहवाट जाते. रस्ता जेथे रुळांना ओलांडतो तेथे फाटक असते, आणि फाटकावर माणूस. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तर फाटकवाल्याला फोन करतो. फाटकवाला फाटक बंद करतो आणि बंद केल्याची खूण म्हणून एक गुप्त आकडा कळवितो. मास्तर तो वहीत लिहून घेतो, आणि मगच गाडीला वाट मोकळी होते. जेथे आधुनिक कुलूपबंद सिग्नल नाहीत तेथे ही पद्धत आहे. किती साधी, आणि किती शहाणपणाची! फाटकवाला नुसते 'हो' म्हणून चालत नाही, आकडा द्यावा लागतो. आकडा दिला की जबाबदारी कोणाची, ती वहीत कायमची लिहिली गेली.

ताशी साठ मैलांनी धावणाऱ्या गाडीसाठी इंग्रजांच्या काळापासून ही दक्षता. तिच्या दुपटी-तिपटीने धावणाऱ्या विमानापुढून मात्र त्या दुपारी कापसाचा ट्रक आपल्या चालीने चालला होता. ट्रकवाल्याचा दोष काय? तो रस्त्यावरूनच चालला होता. त्या क्षणी कोणीतरी एक माणूस, हातात लाल कापड घेतलेला, त्या रस्त्यावर उभा असता. दुपारचे मुंबईचे विमान भरून निघते, उन्हात लांब धावते, हे रोज पाहून ज्याला ठाऊक झाले आहे असा. आणि ट्रकपुढे हात आडवा करण्याचा ज्याला अधिकार आहे असा! वैमानिकांची चूक झाली तशीच झाली असती. पण चुकीला मोकळा रस्ता मिळाला असता, आणि कदाचित ती संध्याकाळी एखाद्या कार्यालयात खुलासा लिहिण्यापुरती उरली असती. सुरक्षितता म्हणजे एकाची चूक दुसऱ्याने झेलणे. त्या दिवशी झेलायला कोणी उभे नव्हते.

पुढे ते राष्ट्रीय प्राधिकरण १९९५ साली दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले. चिकलठाण्याची धावपट्टी वाढून नऊ हजार फुटांच्या पुढे गेली. विमानतळाची नवी इमारत झाली. अपघातातून शहाणपण येते, पण त्याची किंमत फार जबर असते.

जमिनीवरच्या माणसाचा प्रश्न एकट्या चिकलठाण्याचा नाही. जगात इतरत्रही त्याने अशीच किंमत वसूल केली आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तो वेगळे काही सांगून गेला आहे.

३ मार्च १९७४ रोजी पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून तुर्की विमानकंपनीचे डीसी-१० जातीचे विमान लंडनला निघाले. सामानाच्या कप्प्याचे दार एका हमालाने बंद केले. दांडा खाली आला, दार बंद दिसले, पण आतल्या खिट्ट्या बसल्या नव्हत्या. त्या बसल्या की नाही हे पाहण्यासाठी दाराला एक लहानशी काच होती आणि तिच्याजवळ सूचनाही लावलेली होती, इंग्रजीत व तुर्कीत. त्या हमालाला दुसऱ्या भाषा येत होत्या, या दोन येत नव्हत्या. ती काच कशासाठी आहे हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते. दार पाहण्याचे काम ज्या अनुभवी इंजिनियराचे, तसा कंपनीचा कोणी त्या दिवशी तेथे कामावर नव्हता. हवेत दार उडाले आणि विमान एर्मेनोव्हिलच्या अरण्यात कोसळले. ३४६ माणसे गेली. त्याच जातीच्या विमानाचे दार असेच १९७२ साली उडाले होते. तेव्हा माणसे वाचली, म्हणून धडा अर्धवट शिकला गेला. दाराच्या रचनेचा दोष कारखान्याचा. पण मी शाळामास्तर आहे, मला त्या सूचनेचे फार वाईट वाटते. फळ्यावर लिहिले की शिकविले, असे समजणारे मास्तर असतात. मुलांना ते वाचता आले का, हे पाहायला ते मागे वळत नाहीत.

दुसरी हकिकत कॅनडातील. २३ जुलै १९८३. आपल्याकडे १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा म्हाताऱ्यांची कशी तारांबळ उडाली होती, हे अनेक घरांत सांगतात. कॅनडातही तेव्हा पौंड जाऊन किलो येत होते. माँट्रियलहून निघालेल्या त्या बोइंग ७६७ चा इंधनकाटा बिघडला होता, म्हणून टाकीत सळई घालून मोजमाप केले. हिशेब करताना लिटरला किलोच्या गुणकाऐवजी सवयीचा पौंडाचा गुणक धरला गेला. हवे होते २२,३०० किलो, पण विमानात त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते. जमिनीवरच्या माणसांनी गुणाकार केला, वैमानिकांनी पडताळला, सर्वांचे उत्तर जुळले, आणि सर्वांचे चुकले. हवेतच दोन्ही इंजिने गप्प झाली. वैमानिकाने ते अवाढव्य विमान घारीसारखे तरंगत आणून गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरविले. सर्व ६९ जण वाचले. जुनी मापे हाताळलेल्या माणसांना नवे माप देताना नव्याने शिकवावे लागते. नुसता अनुभव पुरत नाही, कधी तोच आड येतो.

तिसरी हकिकत तर अनुभवी माणसाचीच आहे. १० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, दुसऱ्या वैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले, आणि दैव बलवत्तर म्हणून कॅप्टनसुद्धा जगला. उड्डाणाच्या आदल्या दिवशी पहाटे ती काच बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा किंचित बारीक निघाले. ज्याने बसविले तो पाळीचा प्रमुख, जुना, कसबी, साऱ्यांच्या विश्वासातला. त्याने पुस्तक उघडले नाही. जुना बोल्ट हातात धरून, अंधुक उजेडात, त्याच्याशी जुळणारे नवे बोल्ट नजरेने निवडले. भांडारातील माणसाने त्याला योग्य बोल्टचा क्रमांक सांगितला होता, तोही त्याने मनावर घेतला नाही. त्या भांडारवाल्याची आठवण कोणी ठेवीत नाही. हाताखालच्या माणसाचे बोलणे ऐकून घेणे, हाही अनुभवाचाच भाग असतो.

चौथी पेरू देशातील. २ ऑक्टोबर १९९६ च्या रात्री लिमाहून निघालेल्या विमानात वैमानिकांना आपण किती उंच आहोत आणि किती वेगाने जात आहोत हेच कळेना. यंत्रे भलतेच आकडे दाखवू लागली. विमान धुताना एका कामगाराने हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, पाणी जाऊ नये म्हणून. धुऊन झाल्यावर ती काढायची राहिली. रात्री ती तपासनिसालाही दिसली नाही, वैमानिकालाही नाही. विमान समुद्रात पडले आणि ७० जण बुडाले. खटला त्या कामगारावर चालला. तपासणीची साखळी मात्र त्याच्यापासून वर कितीतरी हातांतून गेली होती.

या चार हकिकती एकत्र ठेवल्या म्हणजे अनुभव या शब्दाचा अर्थ उलगडू लागतो. पॅरिसचा हमाल नवखा होता, त्याला कोणी शिकविले नाही. कॅनडातल्यांनी सवयीवर विश्वास ठेवला. इंग्लंडातल्याने स्वतःच्या नजरेवर. पेरूत पट्टी लावणारा एक, पाहणारे अनेक, आणि पाहिले कोणीच नाही. चिकलठाण्याला तर पाहणाराच नव्हता. केवळ वर्षे मोजून अनुभव येत नाही. रोज तेच काम रोज पहिल्यांदा केल्यासारखे करणे, पुस्तक पाठ असले तरी उघडणे, शंका आली तर साऱ्या गर्दीसमोर 'थांबा' म्हणणे, आणि धाकट्याने 'थांबा' म्हटले तर ऐकणे, एवढे जमले म्हणजे माणूस अनुभवी झाला.

ही पुंजी हाताने हाताला द्यावी लागते. तिला तिजोरीत ठेवता येत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत जगभर विमाने जमिनीवर बसली आणि जमिनीवरची हजारो माणसे घरी बसविली गेली. विमाने पुन्हा उडू लागली तेव्हा, २०२२ च्या उन्हाळ्यात, युरोपातील मोठमोठ्या विमानतळांवर सामान उचलायला माणसे मिळेनात. विमाने बाहेर काढायला थोडे दिवस लागले. माणूस घडवायला मात्र वर्षे लागतात. आज पुष्कळ विमानतळांवर ही कामे कंत्राटाने दिली जातात. कंत्राटाने वाईट काम होते असे मी म्हणणार नाही. पण आज आला, उद्या गेला अशा माणसाला नटाचा बसका आवाज ऐकायला कोण शिकविणार, आणि शिकेपर्यंत तो थांबणार आहे का? पगार देताना हातांची किंमत मोजतात, कानांची कोण मोजणार?

म्हणून मिस्त्रींचे ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. पोरे ठोकतात, पण अजून ऐकत नाहीत. दोष पोरांचा नाही. त्यांच्या शेजारी उकिडवा बसून 'हा ऐक, आणि आता हा ऐक' म्हणणारा माणूस त्यांना मिळाला पाहिजे. भाऊबीजेनंतर मी आगारात पुन्हा जाणार आहे. निवृत्त होण्यापूर्वी आठवड्यातला एक दिवस मिस्त्रींनी नुसते शिकवावे, अशी आगारप्रमुखांना विनंती करणार आहे. मास्तराचे कोणी ऐकते का, ते पाहू.

वाचकांपैकी कोणी सुट्टीत विमानाने जाणार असतील, तर त्यांना एक सांगणे आहे. विमान जागेवरून ढकलून मागे नेले की थोडे थांबते. त्या वेळी मुलांना खिडकीतून बाहेर पाहायला सांगावे. कानांवर यंत्र लावलेला एक माणूस विमानापासून दूर चालत जातो. विमान ढकलताना पुढच्या चाकाला लावलेली एक खीळ त्याने काढून घेतलेली असते, तिला लाल फडके बांधलेले असते. ती खीळ तो वैमानिकाला दिसेल अशी उंच धरतो, म्हणजे माझे काम झाले, आता तुमचे. मग तो हात हलवितो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तुमच्याआमच्या दारात पणत्या तेवत असतात तेव्हाही तो तेथे असतो.

मुले विचारतील, हा कोणाला हात करतो आहे? त्यांना सांगावे, आपल्याला. आणि त्यांनाही हात हलवायला सांगावे.